सोळा फुटांचे बारा गुण

डोंबिवलीच्या एका एकत्र कुटुंबांतून आमच्याकडे एक प्रश्न आला आहे. घरांतील पुतण्या सैन्याच्या भरतीस गेला. धांवण्यांत पहिल्या गटांत आला, खड्डा ओलांडला, बीमवर सहा वेळां वर गेला. सर्व ठिकाणीं ‘पास’ झाला, आणि तरीहि शेवटच्या यादींत त्याचें नांव नाहीं. वडील मंडळींचें मत पडलें कीं, यांत कोणाचा तरी वशिला असला पाहिजे. आजीबाई म्हणतात, पत्रिका दाखवा. मुलगा कोणाशीं धड बोलत नाहीं. त्याच्या काकूंनीं विचारलें आहे कीं, हे गुण देतात तरी कसे?

वशिला आणि पत्रिका या दोहोंपूर्वी पाटी-पेन्सिल घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

‘अग्निवीर’ योजना 14 जून 2022 रोजीं जाहीर झाली, आणि त्याच वर्षीं मुंब्र्याच्या क्रीडांगणावर आपल्या भागांतील मुलांसाठीं मेळावा भरला. नांव नवें असलें तरी शरीरपरीक्षेच्या गुणांचें कोष्टक जुन्या शिपाई-भरतींतलेंच पुढें चालत आलें. एकंदर गुण 100. त्यांपैकीं 60 धांवण्यास आणि 40 बीमला, म्हणजे आडव्या दांडीस लोंबकळून हनुवटी वर नेण्यास. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी तोल या दोन गोष्टींस गुण मुळींच नाहींत. त्या साधल्या पाहिजेत एवढेंच. खड्ड्यावरून बारा फूट उडी मारणाऱ्यास शाबासकीहि मिळत नाहीं.

आतां धांव पहा. अंतर 1600 मीटर. साडेपांच मिनिटांच्या आंत आल्यास 60 गुण. 5 मिनिटें 31 सेकंदांपासून 5 मिनिटें 45 सेकंदांपर्यंत 48. पूर्वी येथेंच दार लागत असे. 2025 च्या जाहिरातींत सहा मिनिटांपर्यंत 36 आणि सव्वासहापर्यंत 24 अशा आणखी दोन पायऱ्या आल्या. पायऱ्या म्हणण्याचें कारण हें कीं, येथें उतार नाहीं. पांच मिनिटें एकतीस सेकंदांस येणारा आणि पंचेचाळीस सेकंदांस येणारा दोघेहि सारखेच. परंतु तीस आणि एकतीस यांमध्यें बारा गुणांची दरी! या वेगानें धांवणारा मुलगा एका सेकंदांत सुमारें सोळा फूट जातो. एखाद्या लहानशा दिवाणखान्याची लांबी ती काय, आणि तिची किंमत बारा गुण.

बीमचा हिशेब याहून वेगळा आहे. सहा वेळां वर गेल्यास 16 गुण, सात वेळां 21, आठ वेळां 27, नऊ वेळां 33 आणि दहा वेळां पूर्ण 40. सहाच्या खालीं नापास. दहाच्या वर जास्त कांहीं नाहीं. सहावरून सातवर जातांना पांच गुण मिळतात, तर नऊवरून दहावर जातांना सात. दमलेल्या दंडांकडून घेतलेल्या शेवटच्या खेपेचें मोल सर्वांत अधिक, हें आम्हांस न्याय्यच वाटतें.

तेव्हां आपल्या पुतण्याची बेरीज 60 आणि 16, मिळून 76. त्याच्या मागून दहा सेकंदांनीं, 5 मिनिटें 40 सेकंदांस आलेला एखादा मुलगा बीमवर दहा वेळां गेला असेल, तर त्याचे 48 आणि 40 मिळून 88. हळू धांवणारा बारा गुणांनीं पुढें! शिवाय लेखी परीक्षेच्या गुणांशीं ही बेरीज जुळवून यादी लागते. आणि 2023 पासून लेखी परीक्षाच आधीं होते. ‘पास’ हा शब्द आपल्या घरांत शाळेच्या अर्थानें वापरतात. भरतींत त्याचा अर्थ केवळ रांगेंत उभें राहण्याची परवानगी असा आहे.

अशा मुलानें पुढील वेळीं सर्व सकाळ धांवण्यांतच घालवावी काय? आमच्या मतें नाहीं. त्याच्या धांवेस मिळावयाचे सर्व गुण मिळून चुकले आहेत. चोवीस गुण दांडीवर लोंबकळत आहेत. मल्लखांबाच्या परंपरेंतील आपल्या मुलांनीं दांडीस बिचकावें हेंच नवल. मात्र ज्याची धांव काठावरची आहे त्यानें आधीं मैदान फीत लावून मोजावें. मोबाईलवरील अंतरावर फार विसंबूं नये. त्यांत चाळीस मीटरांचा घोळ झाला, तर आठ सेकंद हिशेबाबाहेर गेले.

ठाण्याच्या साकेत मैदानावर होणाऱ्या पोलीस भरतीची रीत निराळी आहे. तेथें 50 गुण : पुरुषांस 1600 मीटरचे 20, शंभर मीटरचे 15, गोळाफेकीचे 15, आणि निम्मे गुण मिळविल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. गोळा कमी गेला तर धांवेनें भरून काढतां येतो. सैन्यांत ही उसनवारी नाहीं. अमेरिकन सैन्यांत 1 जून 2025 पासून पांच प्रकारांचे 500 गुण असून प्रत्येकांत निदान 60 लागतात. पण तेथें कांहीं सेकंदांमागें एकेक गुण उतरतो, एकदम बारा नव्हे. ती परीक्षा मात्र नोकरींत असलेल्या शिपायाची, दाराशीं आलेल्या उमेदवाराची नव्हे.

मुलींविषयीं विचारणा नव्हती, तरी सांगतों. लष्करी पोलिसांतील अग्निवीर मुलींस 1600 मीटरसाठीं पहिल्या गटास साडेसात मिनिटें आणि दुसऱ्यास आठ मिनिटें आहेत. बीम नाहीं, पण दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी साधावी लागते. राज्य पोलिसांत त्यांची धांव 800 मीटरांची आणि गोळा चार किलोंचा असतो.