ताप उतरतो, रोग थांबत नाही

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला आणि रोगप्रसाराचा मार्ग उलगडू लागला. तो मार्ग अद्याप बंद झालेला नाही, हे गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील कुटुंबे जाणतात.

रक्तपेशीत वाढून ताप आणणाऱ्या परजीवींपैकी थोडेच नर-मादी रूप धारण करतात. डासापर्यंत रोग पोहोचतो तो त्यांच्यामुळे. फाल्सिपेरम जातीत ही रूपे पक्व व्हायला सुमारे १० ते १२ दिवस लागतात. अनेक औषधांनी ताप उतरतो, ही रूपे मात्र काही काळ टिकून राहतात. परजीवी पेशी आपला मार्ग केव्हा व कशी बदलते, याचा शोध विद्यापीठांतील संशोधक घेत आहेत.

अशा संशोधनपदासाठी आपल्या मुलामुलींनीही अर्ज करावा, असे मला आग्रहाने वाटते. “आणखी किती वर्षे शिकणार?” हा पालकांचा प्रश्न रास्त आहे; घर चालवायचे असते. परंतु नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ज्या वस्त्यांनी हिवताप सोसला, तेथील मुले सूक्ष्मदर्शकाशी बसली, तर संशोधनाचे प्रश्नही त्या वस्त्यांच्या गरजेतून निघतील. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याला अर्जापासून मुलाखतीपर्यंत साथ द्यावी. शाळेचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.