डोंबिवलीचे झोंबी आणि आमचा टँकर

गेल्या शनिवारी भाचरांनी हुकूम सोडला, "मामा, मराठीत काहीतरी भुताचं लाव ना!" हैदराबादेत वाढलेली ही पोरं घरात मराठी बोलतात, पण सिनेमे बघतात हिंदी नाहीतर तेलुगू. अशी संधी कोण सोडेल? मी लगेच 'झोंबिवली' लावला.

आदित्य सरपोतदारांचा हा सिनेमा 26 जानेवारी 2022 ला आला. झोंबी, आणि तेही डोंबिवलीत! कल्पनाच झकास. नव्या टॉवरमध्ये राहायला आलेला इंजिनिअर सुधीर (अमेय वाघ), त्याची गरोदर बायको सीमा (वैदेही परशुरामी) आणि शेजारच्या वस्तीतला विश्वास (ललित प्रभाकर). टॉवरला भरपूर पाणी, वस्तीत ठणठणाट. शिवाय रोगाचं मूळही पाण्यातच.

इथे मी सरसावून बसलो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. ते कुठून भरून आणतात, कोणाच्या वाटणीचं पाणी असतं, हे आम्ही कोणी विचारत नाही. नळाला पाणी आलं की झालं! अशा माणसाला घाबरवायला पेलाभर पाणी पुरे.

पण पुढे पळापळ वाढत जाते आणि पाणी मागे पडतं. टॉवर आणि वस्तीतला सल दिसण्याऐवजी बोलून दाखवला जातो. विनोद संपला की भीती, भीती संपली की विनोद. दोन्ही एकत्र फारसे येतच नाहीत. थोरल्याने मोबाईल काढला. धाकटी मात्र विचारत राहिली, "मामा, ते पाणी आता कोण पितंय?"

"मराठीत बजेट कमी असतं रे," ताई म्हणाली. मला नाही पटत. झोंबींची रंगभूषा चांगलीच जमली आहे. आणि 1993 च्या 'झपाटलेला'त होतं काय? रामदास पाध्येंचा एक बाहुला! पण नियम पक्के होते. तात्या विंचूने आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येतं. मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध. नियम ठाऊक असतात म्हणून लक्ष्याची धांदल बघताना आपण हसतो आणि त्याच वेळी घाबरतोही. असे नियम ठरवायला पैसे लागत नाहीत.

सरपोतदारांचाच 'मुंज्या' 2024 मध्ये आला आणि शंभर कोटींच्या पुढे गेला. भाचरांनी तो थिएटरात दोनदा पाहिला. भूत आपल्या कोकणातलं, पण पोरांना भेटलं हिंदीत. म्हणूनच 'झोंबिवली'ची हुकलेली संधी मला जास्त लागते. आपला सिनेमा म्हणून उगाच गोड मानून घेतलं, तर पुढच्या शनिवारी पोरं मराठी लाव म्हणायची नाहीत.

तरी एकदा बघा, घरच्यांसोबत. संपल्यावर धाकटीचा प्रश्न तेवढा एकमेकांना विचारा.