पाऊस सरला, आधी डबे उपडे करा

पाऊस मागे सरला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले. हिवाळी भाजी लावायची हीच वेळ. आपल्यापैकी अनेकांची बाग म्हणजे गॅलरीत नाहीतर पत्र्यावर मांडलेले तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या आणि मासळीबाजारातून आणलेली थर्माकोलची खोकी. तेवढ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा चांगला होतो. पण बी टाकण्याआधी एक काम असते. ते आम्ही एकदा टाळले होते, म्हणून आज आधी तेच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी डेंग्यूने आजारी पडली. पाच दिवस दवाखान्यात होती. घरोघर तपासणी करणारा कर्मचारी आमच्याकडे आला आणि त्याने डब्याखालच्या ताटलीत बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तिला चावलेला डास आमच्याच ताटलीतला, असे कोणी म्हटले नाही. तिच्या आईनेही नाही. पण जिन्यात ती माउली भेटली की आमची मान वर होईना.

हा डास घरातल्या अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी भांड्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही, ताटली काथ्याने घासावी लागते. आम्ही तर ताटल्याच काढल्या आणि डबे विटांवर ठेवले. मात्र मग पाणी बेताने घालावे लागते, नाहीतर खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकते. विदर्भातल्या घरांतून उन्हाळ्यातला कूलर अजून तसाच असेल, तर त्याची टाकीही बघा.

आता माती. चार महिन्यांच्या पावसाने डब्यातली माती दबून घट्ट होते, कस धुऊन जातो, तळाची भोके बुजतात. डबा उपडा करा, ढेकळे फोडा, जुनी मुळे वेचा आणि माती पोत्यावर तीन-चार दिवस उन्हात पसरा. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण या कामाला ते फुकटचे आहे! भोके खिळ्याने मोकळी करा. दोन वाटे मातीला एक वाटा शेणखत घाला, पण पूर्ण कुजलेलेच. ताजे शेण कुजताना तापते आणि कोवळी मुळे जळतात. भरलेला ओला डबा वीस किलोच्या वर जातो, तेव्हा जुन्या चाळीत कठड्यावर रांग लावू नका, भिंतीलगत ठेवा.

मेथी-कोथिंबिरीचे बी विकत आणायलाच हवे असे नाही. स्वयंपाकघरातली मेथी आणि धणे उगवतात, फार जुने नसले म्हणजे झाले. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाके करा आणि रात्रभर भिजवा. मेथी चार-पाच दिवसांत वर येते. धण्याला आठ-दहा दिवस किंवा जास्तही लागतात, तेव्हा उकरून बघू नका. सगळे डबे एकाच दिवशी पेरू नयेत. एका वर्षी आमची मेथी एकदम आली, शेजारी वाटून संपेना, आणि पुढचा महिनाभर पुन्हा बाजारची जुडी. दर दहा-बारा दिवसांनी एक डबा पेरा. पालक उपटू नका, बाहेरची पाने खुडा. तो पुन्हा फुटतो.

पाणी सकाळी द्यावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. थंडी वाढली की माती लवकर सुकत नाही, तेव्हा बोट खुपसून ओल बघितल्याशिवाय पाणी घालू नका. मुळा सव्वा-दीड महिन्यात निघतो. त्याचा पाला टाकू नका. मूगडाळ आणि लसूण घालून परतलेली ती भाजी आमच्या घरी मुळ्याआधी संपते.