मला आवडलेले लहान पात्र : शेकूची बायको



सकाळच्या शाळेत दर शनिवारी शेवटच्या तासाला गुरुजींनी आम्हा सातवीच्या मुलांना ‘बनगरवाडी’ ही कादंबरी थोडी थोडी वाचून दाखवली. ती व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिली व १९५५ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपटही काढला.

गोष्ट थोडक्यात अशी. राजाराम सौंदणीकर नावाचा पोरसवदा मास्तर औंध संस्थानातल्या एका धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. पोरं मेंढरांमागे रानात, शाळेत कोण येणार? पण हळूहळू म्हातारा कारभारी, सोबतीला राहणारा आयबू, भुरट्या चोऱ्या करणारा आनंदा रामोशी अशा माणसांशी त्याची मैत्री जमते. त्यांच्या संगतीत तो कोवळा मास्तर मोठा होतो.

पुस्तक संपल्यावर गुरुजींनी विचारले, “तुम्हाला कोण आवडले?” कोणी कारभारी म्हणाले, कोणी आनंदा. मी म्हटले, “शेकूची बायको.” मागून कोणीतरी फिस्सकन हसले आणि म्हणाले, “ती तर एवढीशी येते!”

खरे आहे, ती एवढीशीच येते. शेकूकडे एकच बैल असतो. दुसरा मिळत नाही. तेव्हा दुसऱ्या बैलाच्या जागी ती बाई स्वतःच औताला जुंपून घेते. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला ती, आणि मागे नवरा.

मी घरी हे आजोबांना सांगितले. ते म्हणाले, “पूर्वी एकच बैल असला तर आम्ही सावड करायचो. तुझा एक, माझा एक, आज तुझं शेत, उद्या माझं. पण पाऊस पडला की वाफसा काही दिवसच राहतो गं. तेवढ्यात ज्याला त्याला आपलं रान उरकायचं असतं.” म्हणजे बैल न देणारी माणसे वाईटच असतात असे नाही. घाई सगळ्यांनाच असते. पण ज्याचा जोडीदार नाही त्याचे काय, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात राहत नाही.

माझ्या मते म्हणूनच ती बाई महत्त्वाची आहे. वाडीची गरिबी मास्तरने ऐकली असेल, पण ती त्याला नीट दिसते ती त्या बाईच्या खांद्यावर. बाकीची माणसे त्याच्याशी बोलून त्याला शहाणे करतात, ही न बोलता करते. जुवाखाली खांदा देणे म्हणजे काय, हे मला तिच्यामुळे कळले.

शेवटी दुष्काळ पडतो. माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते. कादंबरी तिथे संपते. पण मला रात्री प्रश्न पडला, की गाव सोडून गेलेली माणसे जातात तरी कुठे?

मित्रांनो, याचे उत्तर आपल्या भिवंडी तालुक्यातच आहे. दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर दुरून कुटुंबे येतात. कोणी जव्हार-मोखाड्याकडची, कोणी वाड्याकडची. पाऊस लागायच्या आत ती परत जातात. गेल्या वर्षी त्यांतली एक मुलगी माझ्या बाकावर बसायची. तिचे आईबाप हजार विटांवर मजुरी घेत, म्हणून हजाराचे हिशेब ती तोंडी करायची. मला मात्र पाटीवर मांडावे लागत. तरी मी तिला लंगडीत कधी घेतले नाही. म्हणायचे, “ती काय, चार महिन्यांची पाहुणी!”

एक दिवस ती आलीच नाही. भट्टी बंद झाली होती. तिची गणिताची वही बाकाच्या कप्प्यात राहिली. ती अजून माझ्याकडे आहे. पाठवू कुठे? चार महिने शेजारी बसून मी तिला गावाचे नावसुद्धा विचारले नव्हते. माझ्या गोष्टीत मी तिला एवढेसेच पात्र करून टाकले.

म्हणून माझे म्हणणे असे. यंदा दिवाळीनंतर जी मुले येतील, त्यांतल्या प्रत्येकाला वर्गातला एक जोडीदार असावा. त्याने पहिल्याच दिवशी गाव आणि तिथली शाळा विचारून वहीत लिहून ठेवावी. गाव सोडून जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळते, त्यावर नव्या शाळेत बसता येते. पण कार्डाने फक्त बाक मिळतो. लंगडीत घ्यायचे काम आपले आहे.

आणि पालकहो, तुमच्यापैकी काहींच्या जमिनीवर भट्ट्या लागतात. तिथल्या पोरांच्या डोक्यावर विटा दिसल्या तर त्यांना आमच्याकडे धाडा. आम्ही बाकावर सरकून बसू.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा करावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी