लांब लेन्सआधी लांब संयम हवा

वन्यजीव छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा लेन्सचा असतो: चारशेची घ्यावी की सहाशेची? निक ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराचे काम पाहिले की हा प्रश्न नंतरचा आहे हे पटते. २००१च्या सुमारास त्यांनी पूर्व आफ्रिकेत हत्ती, सिंह, गेंड्यांची कृष्णधवल छायाचित्रे काढायला सुरुवात केली, तीही फिल्मवर आणि टेलिफोटो लेन्स टाळून. त्यांच्या पेंटॅक्स ६७ कॅमेऱ्यात १२०च्या एका रोलवर जेमतेम दहा फ्रेम मिळतात. त्यामुळे प्राणी जवळ येऊ देईपर्यंत थांबणे आणि प्रत्येक फ्रेम जपून खर्च करणे भागच होते. केनियातल्या अंबोसेलीत २००७मध्ये टिपलेला पाणी पिणारा हत्ती पाहा. ना धावपळ, ना झुंज. सोंड पाण्यात, कातडीची प्रत्येक सुरकुती स्पष्ट. हा ‘एक हत्ती’ राहत नाही, ‘हाच हत्ती’ होतो. त्यांच्याकडून शिकायचे ते हेच.

प्राण्यावर माणसाच्या भावना लादणे हे कसले शिक्षण, असा आक्षेप येईल. पण व्यक्तिचित्राला प्राणी दुःखी की आनंदी हे ठरवावे लागत नाही. त्याचे वेगळेपण दाखवले की पुरे. त्याच अंबोसेलीत १९७२पासून चाललेल्या अभ्यासात हत्ती ओळखले जातात ते कानांच्या कडा आणि त्यांवरील खाचांवरून. इथे कलावंताची आणि संशोधकाची नजर एकच होते. या नजरेतून जबाबदारीही येते. ब्रँट यांनी टिपलेला तो हत्ती २००९मध्ये सुळ्यांसाठी मारला गेला. पुढच्याच वर्षी ब्रँट यांनी रिचर्ड बॉनहॅम यांच्यासोबत बिग लाइफ ही संरक्षण संस्था उभी केली.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: आपल्या जंगलात गाडीतून उतरता येत नाही, मग लांब लेन्सला पर्याय काय? लेन्स जरूर वापरावी, नियम तर पाळावेतच. पण अंतर किती असावे हे प्राण्याने ठरवायचे असते. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४च्या अखेरीस वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली, तेव्हा उणीव होती ती थांबण्याच्या सवयीची. ही सवय लावायला महागडी सफारी लागत नाही. आठवडी बाजारातली शेळी किंवा गल्लीतला कुत्रा घ्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, एकच लेन्स आणि दहाच फ्रेम ठरवा. कान मागे गेले, मान वळली, तर कॅमेरा खाली ठेवा. समोरच्या जिवाचा नकार ओळखता येणे हा या कलेचा पहिला धडा आहे. छायाचित्रणाच्या वर्गांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी चित्राइतकेच ते मिळवण्याच्या रीतीलाही गुण द्यायला हवेत.