चाके बदलणाऱ्यांनी पॉलिसी वाचावी

टायर फुटणे ही देवाची करणी नव्हे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत दिला. त्याची आठवण शेवगाव व आसपासच्या मोटारमालकांना करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईस निघालेल्या एका मोटारीचे मागील चाक फुटले, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि तीतील एक कर्ता गृहस्थ मृत्यू पावला. न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबास सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई देवविली. अपिलात विमा कंपनीचे म्हणणे असे की, टायर फुटणे ही ईश्वरी आपत्ती, तिला कोण काय करणार? न्या. डिगे यांनी ही सबब मानली नाही. हवा कमी वा जास्त असणे, टायर जुने असणे, वेग, उष्णता अशा कारणांनी टायर फुटतो आणि निघण्यापूर्वी तो पाहणे हे चालकाचे काम आहे, असे सांगून त्यांनी अपील फेटाळले.

या निकालात विमा कंपनी हरली म्हणून मोटारमालकांनी हर्ष मानण्याचे कारण नाही. टायरच्या अवस्थेची जबाबदारी माणसाची, हे तत्त्व मृताच्या वारसांच्या उपयोगी पडले. तेच तत्त्व उद्या स्वतःच्या मोटारीची भरपाई मागणाऱ्या मालकाच्या अंगावर उलटू शकते. ज्याने निर्मात्याने दिलेली चाके हौसेने काढून टाकली आणि मनास येईल ती बसविली, त्याच्या अंगावर तर ते अधिकच जोराने उलटेल.

ही हौस आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. नवी मोटार दारात आली की आठ दिवसांत तिची मूळ चाके उतरतात आणि चकचकीत, रुंद, चिखलरक्षकाच्या बाहेर डोकावणारी अलॉय चाके चढतात. ज्या मुलखात उसाच्या बैलगाडीला लोखंडी धाव जाऊन रबरी टायर लागला, तेथील मंडळींना चाकाचे महत्त्व आम्ही शिकवावे असे नाही. शिवाय सर्वांस केवळ मिरवायचेच असते असेही नव्हे. पैठण वा गेवराईच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटून पातळ टायर फाटतो, गाडीचे पोट घासते, म्हणून थोडे उंच चाक बसवावे असे एखाद्याला वाटले तर त्यात नवल ते काय?

परंतु चाक हा दागिना नव्हे. टायरच्या अंगावर १८५/६५ आर १५ ८८ एच असे जे कोरलेले असते, त्यात रुंदी, उंचीचे प्रमाण, रिंगेचा व्यास, भार आणि वेग ही पाचही मापे असतात. त्यांतील ८८ चा अर्थ, हा टायर ५६० किलोपर्यंत भार सोसेल. १८५ च्या जागी त्याच प्रमाणाचा २०५ रुंदीचा टायर घातला, तर चाकाचा व्यास सुमारे २६ मिलिमीटरने, म्हणजे शेकडा चारांहून किंचित अधिक वाढतो. काटा ८० दाखवीत असता गाडी ८३ च्या वेगाने धावत असते आणि ब्रेकला मोठे चाक आवरावे लागते. रिंग बाहेर काढली की बेअरिंगवर आडवा ताण येतो. पाच माणसे बसली आणि वळण आले की टायर पत्र्याला घासतो. हे सर्व दुकानात दिसत नाही, घाटात दिसते.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ म्हणते की, निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा फेरफार करता येणार नाही. केरळातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे कलम कडक अर्थाने लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. आता, कलमातील 'फेरफार' म्हणजे वाहनाच्या रचनेत मूलभूत बदल, आणि चार टायर म्हणजे रचना नव्हे, असा युक्तिवाद वकील करू शकतील. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीस निर्मात्याने दिलेले माप बसविल्यास सहसा कोणी आक्षेप घेत नाही, हेही खरे. परंतु हा वाद अपघातानंतर, मालकाच्या खर्चाने आणि त्याच्या मनःस्तापात चालतो, हे विसरू नये.

विम्याचे गणित निराळेच आहे. रस्त्यावरील तिऱ्हाइताला इजा झाली तर कायद्याने कंपनीला मोजक्याच सबबी ठेवल्या आहेत आणि रुंद चाके त्यांत शब्दाने नाहीत. पण महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी घेतली, ही सबब आहे. स्वतःच्या गाडीचे नुकसान मात्र निव्वळ कराराचा विषय होय. तेथे सर्वेक्षक चाकांकडे बोट दाखवितो आणि रक्कम कापली जाते किंवा दावाच नाकारला जातो. अटींचा भंग झाला तरी काही अंश द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका प्रकरणात ठरविले होते. पण त्यासाठी त्या मालकाला दिल्लीपर्यंत जावे लागले. बरे, प्रचलित पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काहीच मिळत नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरची निम्मी किंमत मिळते. साठ हजारांची चाके बसविणाऱ्यांपैकी कितीजणांनी ही ओळ वाचली असेल?

मोटारवाल्यांनाच दरडावून थांबावे असे आम्हांस वाटत नाही. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मागे दिवा नसलेले, गुळगुळीत रिमोल्ड टायरांवर चालणारे ट्रॅक्टर रात्री याच रस्त्यांवर असतात. मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी हवी, असा नियम आहे. तो समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी तपासला गेला, तर शेवगावच्या नाक्यावर का नको? विमा एजंटही हप्ता घेताना गाडीच्या खाली नजर टाकीत नाहीत; दावा आला की मात्र सर्वेक्षकाला सारे दिसते. आणि दुकानदार टायर विकताना माप व भारांक पावतीवर लिहीत नाहीत. ते त्यांनी लिहिलेच पाहिजे.

ज्यांनी चाके आधीच बदलली आहेत त्यांनी दाराच्या चौकटीवरील पट्टीशी आपले माप ताडून पाहावे. ते निर्मात्याच्या यादीतील नसेल तर मूळ चाके पुन्हा चढवावीत. यादीतील असेल तर विमा कंपनीस माप व किंमत लेखी कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.