कूलरचा बझर आणि कागदाचा बोर्ड

मुलांनो, मे महिन्यात आपल्या नागपुरात संध्याकाळचे एक काम घरोघरी ठरलेले असते. कूलरमध्ये पाइप सोडायचा आणि टाकी भरेपर्यंत लक्ष ठेवायचे. लक्ष कोण ठेवतो? कुणीच नाही! पाणी अंगणभर वाहते, मग आतून आईचा आवाज येतो.

यावर उपाय म्हणजे टाकी भरली की वाजणारा बझर. सामान थोडेच: 9 व्होल्टची बॅटरी, बीसी 547 हा ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक बझर आणि टाकीत वरच्या बाजूला सोडायच्या दोन तारा. पाणी तारांना टेकले की त्यातून अगदी थोडी वीज वाहते. तेवढ्याने ट्रान्झिस्टर चालू होतो आणि बझर वाजू लागतो. (तारा बसवताना कूलरचा प्लग काढलेला हवा आणि मोठे माणूस जवळ हवे. यात तडजोड नाही.)

सुट्या तारांची जोडणी विज्ञान प्रदर्शनात पोचेपर्यंत हमखास निखळते. म्हणून आता पुष्कळ मुले पीसीबी करवून घेतात. जुन्या रेडिओत हिरवी पट्टी पाहिली आहे ना? तिच्यावरच्या तांब्याच्या रेषा तारांचेच काम करतात. कीकॅडसारख्या मोफत प्रोग्रॅमवर नकाशा काढायचा, फाइल कारखान्यात पाठवायची, की बोर्ड तयार होऊन येतो. पण कारखाना तुमचा नकाशा जसाच्या तसा छापतो. पाच बोर्ड मागवले तर चूकही पाचांवर येते, आणि पैसे बाबांचे जातात.

"पण सर, कॉम्प्युटरने तपासलंय की!" हो, पण काय तपासले? दोन रेषा एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, भोक फार लहान नाही ना, एवढेच. तुम्ही कोणता ट्रान्झिस्टर विकत आणला, हे त्याला कसे कळणार?

म्हणून फाइल पाठवण्याआधी बर्डीवर जाऊन सामान आणा. आधी बोर्ड, मग सामान, असे उलटे करू नका. मग नकाशा कागदावर खऱ्या मापात छापा. प्रिंटरला 'पानात बसव' असे सांगू नका, नाहीतर तो चित्र लहान करतो. पट्टीने मोजून खात्री करा. आता तो कागद थर्माकोलवर ठेवा आणि खरे भाग त्यात टोचा. बझरचे पाय छिद्रांवर येतात का? बॅटरीच्या तारा लावायला जागा उरते का? बोर्ड डब्यात मावतो का? हे सगळे पाच मिनिटांत कळते.

आता ट्रान्झिस्टर. बीसी 547 ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. दुसऱ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरमध्ये हाच क्रम उलटाही असू शकतो. दिसायला मात्र दोघे जुळे भाऊ! शिवाय बोर्ड वरून पाहिला आणि खालून पाहिला, तर डावे-उजवे बदलते. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

यानंतर नकाशा मैत्रिणीला द्या. तिने सर्किटची आकृती समोर ठेवून एकेक रेषा लाल पेन्सिलीने गिरवायची. तुम्ही शेजारी बसून "ते बरोबर आहे गं" म्हणायचे नाही! ज्याने नकाशा काढला, त्याच्या डोळ्यांना त्यातली चूक दिसत नाही.

पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला होता. जेमतेम एक किलोचा! 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी 34 या रॉकेटने श्रीहरिकोटाहून एकूण 20 उपग्रह नेले, त्यात तोही होता. पृथ्वीपासून सुमारे 500 किलोमीटर वर गेलेल्या बोर्डावर सोल्डरिंग गन घेऊन कोण जाणार? जे काही तपासायचे, ते जमिनीवरच.

पालकांना एक विनंती. मूल दोन दिवस नुसता कागदच टोचत बसले, तर "अजून झालं नाही का?" असे विचारू नका. लाल पेन्सिल तुम्हीच हातात घ्या. इलेक्ट्रॉनिक्स येत नसले तरी चालेल, रेषा कुठून निघून कुठे पोचते एवढेच बघायचे आहे.

आणि हो, बॅटरीच्या जागी अधिक-उणेची खूण आणि बोर्डाच्या कोपऱ्यात तारीख टाकलीत का? मग पाठवा फाइल.